पंचवीस लाखांच्या वर

शाळेच्या आवारात शिरले तेव्हा नव्या वर्गखोल्यांचं छत खालून मोकळं झालेलं दिसलं. म्हणजे स्लॅब पक्का झाला होता, खालचे टेकू निघाले होते. छताखाली माझी एकही सेंटरिंगची प्लेट नव्हती. भिंतीला टेकवून ठेवलेले जॅकही नव्हते. सिमेंटच्या चार रिकाम्या पिशव्या तेवढ्या वाऱ्यावर फडफडत होत्या.

"प्लेटा कुठं ठेवल्यात बाई?" मी मुख्याध्यापिकांना विचारलं.

"गेल्या की परवाच," चौगुलेबाई म्हणाल्या. "दोन टेम्पो आले होते. मोटेंचीच माणसं. तुमच्याकडं परत पाठवतोय म्हणाले. पोचल्या नाहीत?"

मी नाही म्हटलं. बाईंनी मला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काय ते कळलं असावं.

मी कंत्राटदार विनायक मोटेला फोन लावला. बंद होता. संध्याकाळपर्यंत तो बंदच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसला गेले तर शटरला कुलूप आणि वर 'गाळा भाड्याने देणे आहे' अशी पाटी.

आमचं गाव सोलापूरच्या बाजूचं, तालुक्याचं. तिथं मी सेंटरिंगचं साहित्य भाड्यानं देत असे. स्लॅब टाकताना खालून आधार लागतो, त्या लोखंडी प्लेटा आणि जॅक. बायका सहसा या धंद्यात नसतात. माझे मालक ज्ञानदेव तांबारे एसटीत ड्रायव्हर. त्यांच्या पगारात घर चालायचं, पुढं सरकायचं नाही. म्हणून मी बचत गटापासून सुरुवात केली, मग राहत्या घरावर बँकेचं कर्ज काढलं आणि हळूहळू एका मोठ्या इमारतीला पुरेल एवढा माल जमवला. मोटे माझं जुनं गिऱ्हाईक. 'ताई, ताई' म्हणत यायचा, भाडं वेळेवर द्यायचा. म्हणून या वेळी त्यानं शाळेसकट आपल्या तिन्ही चालू कामांसाठी सगळाच माल मागितला तेव्हा मी दिला. यार्डात राहिल्या त्या वाकलेल्या पाच-पंचवीस प्लेटा आणि मी.

पोलीस ठाण्यात लोंढे नावाचे हवालदार होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाड्यानं दिलं होतं ना?"

"हो."

"मग चोरी कशी म्हणायची? माल तुम्ही हातानं दिला. भाड्याचा वाद आहे हा, दिवाणी कोर्टात जातो."

"भाड्याचा वाद नाही साहेब. माल घेऊन पळालाय तो, विकलाच असणार."

"बरं, विकला. किंमत किती धरायची? लोखंडच की ते. वजनावर काढू." त्यांनी भंगाराचा भाव लावून आकडा काढला. माझ्या सहा लाखांच्या मालाचे सव्वा लाख झाले.

"भंगारात घातल्यावर एवढे येतील," मी म्हटलं. "माझा माल भंगारात घालायचा नव्हता. भाड्यावर चालत होता."

आमचं बोलणं आतल्या खोलीतून उपनिरीक्षक सरवदे ऐकत होते. त्यांची बदली जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत झालेली होती, सामान न्यायला आले होते. त्यांनी मला आत बोलावलं.

"लोंढे चुकीचं सांगतात असं नाही, पण पूर्णही सांगत नाहीत," ते म्हणाले. "विश्वासानं दिलेला माल परस्पर विकला तर तो अपहार. गुन्हाच आहे. पण इथं तो न नोंदवता नुसता अर्ज म्हणून पडून राहील. दोघांना समोरासमोर बसवतील, मोटे दोन महिन्यांची मुदत मागेल, आणि माल तोवर कुठल्या कुठं जाईल. आमच्या शाखेकडं आला तर आम्ही खाती गोठवतो, माल शोधायला दुसऱ्या राज्यातही माणसं पाठवतो."

"मग तुम्हीच घ्या की."

"घेता येत नाही. सध्या पंचवीस लाखांच्या वरची प्रकरणं आमच्याकडं येतात. खालची तालुक्याला. कलम तेच राहतं, तपास बदलतो."

"म्हणजे मी सहा लाखाला फसले हे कमी पडलं."

ते हसले नाहीत. "तुम्ही एकट्याच फसलात असं तुम्हाला वाटतं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मला तसं वाटत नव्हतं. पण शोधायला तर हवं होतं. पुढचे पंधरा दिवस मी तालुका पालथा घातला. जिथं स्लॅब पडलेला दिसेल तिथं उतरायचं, साहित्य कुणाचं होतं विचारायचं. काही जण सरळ सांगायचे, काहींना लाज वाटायची. धंद्यातला माणूस फसला की ते लपवतो, उधारी बंद होते म्हणून. एकानं तर मला चहा पाजून, "आमचं काय गेलं नाही," असं तीनदा सांगितलं आणि मी गाडी चालू केल्यावर मागून येऊन म्हणाला, "ताई, माझा काँक्रीटचा मिक्सर आहे त्याच्याकडं."

सगळ्यांत मोठे होते मल्लिनाथ शेटे. तालुक्यातलं सगळ्यात मोठं यार्ड त्यांचं. माझी जाहिरात त्यांनी दोनदा भिंतीवरून पुसली होती. पण या वेळी त्यांनी मला आत बसवलं, बायकोला हाक मारून पोहे करायला सांगितले. त्यांचे नऊ लाख अडकले होते.

"तुम्ही पुढं व्हा विमलताई," ते म्हणाले. "मी आहे मागं."

सगळ्यांत लहान रज्जाकभाई तांबोळी. सत्तरीचे, एका वाडीत राहणारे. चाळीस प्लेटा होत्या, तेवढ्याच. मुलगा अपघातात गेला, त्याच्या विम्यातून घेतलेल्या. त्यांच्याकडं मोटे कधी गेलाच नव्हता. त्याचा सुपरवायझर टेम्पो घेऊन आला, चार दिवसांसाठी म्हणून घेऊन गेला.

"माझं नाव घातलंस तरी चालेल, नाही घातलंस तरी चालेल," रज्जाकभाई म्हणाले. "चाळीस प्लेटांनी तुझं काय वजन वाढणार?"

ते खरं होतं. त्यांच्या असण्यानसण्यानं बेरीज हलत नव्हती. मी नाव घातलं.

आम्ही नऊ जण झालो. वापरलेल्या मालाचा बाजारभाव धरून बेरीज एकोणचाळीस लाखांवर गेली. सरवदेसाहेबांनी सोमवारी सगळ्यांना जिल्ह्याच्या गावी बोलावलं, प्रत्येकाचा जबाब घेऊन गुन्हा नोंदवू म्हणाले.

शुक्रवारी शेटेंनी फोन उचलला नाही. शनिवारी मी त्यांच्या यार्डात गेले. ते टेम्पोत माल भरून घेत होते. मला बघून त्यांनी माणसाला हातानंच थांबवलं.

"माझं मिटलं, विमलताई."

"मिटलं म्हणजे?"

"मोटेचा मामा आला होता. अंबादासराव. पूर्ण पैसे दिले. माझी तक्रार नाही असं लिहून दिलं मी."

"आणि आम्ही?"

त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "खरं सांगू का? मोटेला सगळ्यांना द्यायचंच नाहीये. मामाच बोलून गेला, त्यानं वकिलाला विचारून हिशेब केलाय. बेरीज पंचवीसच्या खाली आणायची, बास. माझे नऊ गेले की तीस राहतात. अजून एक मोठा माणूस काढला की प्रकरण तालुक्याला. मग बाकीच्यांना काही द्यायला नको."

"मोठा माणूस कोण उरलाय?"

"तुम्हीच की," शेटे म्हणाले. "येतील तुमच्याकडं. घ्या. धंदा आहे हा. मी घेतले म्हणून माझ्यावर रागावू नका."

मी रागावले नाही. रागावायला वेळ नव्हता. परत येताना वाटेवर गाडी बाजूला लावून मी पुन्हा तोंडी बेरीज करून बघितली. शेटे बरोबर बोलत होते. माझ्यानंतर जो मोठा होता त्याचा आकडा जाऊनही रक्कम पंचवीसच्या वर राहत होती. मी गेले तर मात्र राहत नव्हती. विकत घ्यायला एकच माणूस पुरेसा होता, आणि तो माणूस मी होते.

रविवारी सकाळी अंबादासराव आले. पांढरं धोतर, जाकीट, पायातल्या चपला दाराबाहेर नीट लावून ठेवल्या. कधीकाळी पंचायत समितीत होते, गावात त्यांना मान होता. आमचे मालक सुट्टीवर होते, तेही बसले.

"पोरानं चूक केली," अंबादासराव म्हणाले. "मी पोटच्या पोरासारखा वाढवला त्याला, म्हणून मला येणं भाग आहे. तुमचा माल नवा घेतला तर जे पडतील ते पूर्ण देतो. जुन्याचे नाही, नव्याचे. आणि थकलेलं भाडं वेगळं. पैसे गाडीत आहेत. तुम्ही फक्त लिहून द्या की गैरसमज झाला होता, माल मिळाला."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मोटेनं या खेपेचं भाडं दिलंच नव्हतं, त्यामुळं बँकेचे तीन हप्ते थकले होते. आता दर महिन्याला त्यांच्या पगारातून कर्जाकडं वळवायला लागणार होतं. मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. हे सगळं त्यांच्या त्या बघण्यात होतं.

"बाकीच्यांचं काय?" मी विचारलं.

"त्यांचंही बघू. सावकाश बघू."

"रज्जाकभाईंचं?"

"कोण?" अंबादासराव म्हणाले. मग लगेच, "हां हां, बघू ना त्यांचंही."

"मी उद्या सांगते," मी म्हटलं.

"उद्या सोमवार आहे."

"माहीत आहे मला."

ते गेल्यावर मालकांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "विमल, पूर्ण पैसे मिळतायत. कोर्टात गेलं की किती वर्षं जातील सांगता येत नाही. मिळतील का तेही नाही."

"हो."

"मग?"

"अजून ठरवलं नाही मी."

हे खोटं नव्हतं. मी माणूसच होते. आठ-नऊ लाख रुपये आमच्या दारात गाडीत ठेवलेले होते. मी गाडी काढली आणि वाडीला गेले. रज्जाकभाई अंगणात बाज विणत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, एकही गोष्ट मागं ठेवली नाही.

त्यांनी दोरी हातातच धरून ऐकलं. मग म्हणाले, "घे बेटी."

"भाई..."

"घे. माझ्यासाठी थांबू नको. माझे चाळीस, तुझं घर गहाण आहे. मी तुला दोष देणार नाही. कुणाला देऊही देणार नाही."

मला वाटलं होतं, ते मला थांबवतील. थांबवलं असतं तर बरं झालं असतं, निर्णय त्यांचा झाला असता. त्यांनी मला मोकळं सोडलं. परत येताना पूर्ण रस्ताभर माझ्याकडं दुसरं कुणीच नव्हतं ज्याच्यावर तो निर्णय टाकता येईल.

घरी येऊन मी भाकऱ्या केल्या. मालकांना वाढलं. आणि सांगितलं, "मी उद्या जाणार आहे."

त्यांनी ताटावरून हात काढला नाही, पण घास तिथंच थांबला. "घर दोघांच्या नावावर आहे," ते म्हणाले.

"म्हणून तुम्हाला सांगतेय."

ते जेवून उठले. त्यांची पहाटेची ड्यूटी होती. नेमकी जिल्ह्याच्या गावचीच.

सोमवारी मी त्याच गाडीनं निघाले. मी चढले तेव्हा ते स्टिअरिंगवर होते, आरशातून माझ्याकडं बघितलं आणि गाडी सुरू केली. कंडक्टरनं मला तिकीट नको म्हटलं, मी काढलं. रज्जाकभाई वाडीच्या फाट्यावर चढले, धुतलेला सदरा घालून. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही येताय?" ते म्हणाले, "तू जाणार हे मला काल वाटलं होतं. तू नाही आली असतीस तर मी बाजार करून परत आलो असतो." बाकीचे आपापल्या गाड्यांनी येत होते.

शाखेच्या ऑफिसात सरवदेसाहेबांनी आमच्याकडं बघून मोजलं. "एक कमी दिसतात."

"शेटेंचं मिटलं," मी म्हटलं.

त्यांनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. "तीस. बसतंय अजून." मग माझ्याकडं बघितलं. "तुमच्याकडं आले होते?"

"आले होते."

"तुम्ही निघालात तर मला हे परत तालुक्याला पाठवावं लागेल. नंतर निघालात तर बाकीचे लटकतील. म्हणून आधीच विचारतो. ठाम आहात?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दार उघडलं. खाकी कपड्यात आमचे मालक उभे होते.

"आपण?" साहेबांनी विचारलं.

"यांचा नवरा. गाडी स्टँडवर लावलीय, थोडाच वेळ आहे माझ्याकडं." ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, बसले नाहीत. "मालाच्या कर्जावर माझीही सही आहे. तर माझं काही लिहून घ्यायचं का, विचारायला आलो."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "तक्रार यांचीच पुरेल."

"बरं," मालक म्हणाले. मग मला म्हणाले, "जेवून घे काहीतरी. उशीर होईल." आणि निघून गेले.

मी जबाब दिला. सही केली. रज्जाकभाईंनी सगळ्यांत शेवटी, अगदी सावकाश उर्दूत सही केली.

पुढचं सोपं नव्हतं. मोटेची खाती गोठली आणि त्यात जवळजवळ काही निघालं नाही. मामानं देऊ केलेले पैसे कुणाचे होते, ते कधी कळलंच नाही. मोटेला आठवड्यात अटक झाली, काही महिन्यांनी जामीन मिळाला. सरवदेसाहेबांच्या माणसांना आमचा बराच माल कर्नाटकात एका यार्डात सापडला. सगळ्यावर एकच निळा रंग मारलेला होता. कोर्टानं तो आम्हाला बाँडवर, म्हणजे हमी लिहून घेऊन, परत दिला, पण कुणाची प्लेट कुठली ते ओळखता येईना. आम्ही आठ जणांनी तिथल्या उन्हात बसून ठरवलं, ज्याचं जेवढं गेलं त्या प्रमाणात वाटून घ्यायचं. माझ्या वाट्याला निम्म्याहून कमी माल आला. मुलीनं एक वर्ष घरी काढलं आणि मग नर्सिंगला गेली. बँकेनं घराला नोटीस लावली, ती आम्ही माझे दागिने मोडून काढली. त्या काळात मालकांनी मला एकदाही "पैसे घ्यायला हवे होते" असं म्हटलं नाही. मी मात्र ते स्वतःला अनेकदा म्हटलं. विशेषतः शेटेंचा नवा मिक्सर आमच्या दारावरून जायचा तेव्हा.

खटला उभा राहायला चार वर्षं लागली. निकाल त्यानंतर दीड वर्षानं आला, मोटेला शिक्षा झाली. पण मला निकालाच्या दिवसापेक्षा साक्षीचा पहिला दिवस जास्त आठवतो.

कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकावर आम्ही बसलो होतो, मी आणि रज्जाकभाई. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, म्हणून फाट्यापासून मीच त्यांना घेऊन आले होते. मोटे समोरच्या खांबाला टेकून उभा होता. केस पिकले होते. पूर्वीचा तो चटपटीतपणा गेला होता. वकील आत गेल्यावर तो दोन पावलं पुढं आला.

"ताई," तो म्हणाला, "एक विचारू?"

मी मान हलवली.

"मामा पूर्ण पैसे घेऊन आले होते. वर भाडंही देत होते. तुम्ही घेतले असते तर तुमचंही भागलं असतं, माझंही. माझा तुमच्यावर राग नाही. पण मला अजून कळलं नाही, का नाही घेतले?"

हा प्रश्न मला आमच्या नात्यागोत्यांनी विचारला होता, बँकेच्या मॅनेजरनं विचारला होता, एकदा माझ्या मुलीनंही विचारला होता. प्रत्येकाला मी काहीतरी वेगळं सांगितलं होतं. कधी तत्त्वाचं, कधी रागाचं. त्या दिवशी मोटेला सांगताना पहिल्यांदा माझ्या तोंडून ते नीट आलं.

"तू आमच्यातले कोण विकत घ्यायचे आणि कोण सोडून द्यायचे, याची यादी केलीस," मी म्हटलं. "मी विकत घ्यायच्यांत होते. पैसे घेतले असते तर रज्जाकभाई सोडून द्यायच्या यादीत आहेत, याला मी कबूल झाले असते. तुझी यादी माझी झाली असती."

मोटेनं थोडा विचार केला. त्याला मला फसवायचं नव्हतं त्या क्षणी. खरंच आठवत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"कोण रज्जाकभाई?" तो म्हणाला.

मला सांगायची गरज पडली नाही. कोर्टाचा शिपाई दारात येऊन मोठ्यानं पुकारा करायला लागला, "रज्जाक हुसेन तांबोळी हाजिर." तो पुन्हा पुकारायच्या आत माझ्या शेजारचे म्हातारे उठले. त्यांनी टोपी सारखी केली, माझ्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरला, आणि मोटेच्या अगदी जवळून, त्याला न दिसल्यासारखे, साक्ष द्यायला आत गेले.